आमेन म्हटल्यावर दोडकं

रविवार, संध्याकाळ

आज चर्चमध्ये समाधानावर मीच बोललो. पाळक मौद्याला गेले होते, म्हणून उपदेशाला मला उभं केलं. प्रभू जे ताटात वाढतो त्यात सुख माना, वगैरे. लोकांनी माना डोलावल्या. मलाही बरं वाटलं.

दुपारी घरी येऊन जेवायला बसलो. प्रार्थना केली, आमेन म्हटलं, भाजीवरचं झाकण काढलं आणि तोंडातून निघालं, "आजही दोडकंच?"

लग्नापासून सुमनला माझी सवय आहे. पण आज पोळी वाढताना म्हणाली, "देवाले रोज धन्यवाद देता. मले कधी देल्ले का?"

दोडकं खरं तर चांगलं झालं होतं. मी दोनदा मागून घेतलं, पण तसं बोललो नाही. काहून? कसली ही अकड? आणि सकाळी उपदेश करणारा कोण होता मग? ढोंगी कुठला!

आत्ता तिनं तेच दोडकं गरम करून वाढलं. मी डोळे मिटले आणि जेवणाच्या प्रार्थनेत पहिल्यांदाच तिचं नाव घेतलं. "प्रभू, सुमनच्या या हातांसाठी तुझे आभार."

डोळे उघडले, तर ती माझ्याकडेच बघत होती. उठून जवळ आली आणि माझ्या कपाळाला हात लावला.

"अवो, बरं नाही वाटून राहिलं का तुमाले?"