खिडकीतून दिसलेली दंगल

सोमवार, ३ तारीख
बाळाच्या डोसच्या वहीत मागची पानं कोरी आहेत. आजपासून रोज लिहिणार. शहरात दंगल चालू आहे. मी घाबरलेली नाही. कपाट दाराला लावलंय, ते झाडायला सोपं पडतं म्हणून.
ह्यांचं नशीब बघा. तीन वर्षं क्लबचा राखीव गोलकीपर, म्हणजे बाकावर बसायचं. आता मुख्य गोलकीपरचा हात मोडला. शनिवारी ह्यांची पहिली मॅच. दंगलीतच मुहूर्त!

मंगळवार, ४
क्लबच्या सेक्रेटरींचा फोन. आमची खिडकी मैदानाच्या गेटसमोर. मॅचच्या आधी बाहेर बघून कळवायचं, त्यावर ते ठरवणार. म्हटलं, खरं तेच सांगेन. एक शब्द वाढवणार नाही.

शनिवार, ८, सकाळी ७
गेटवर पन्नास माणसं, आरडाओरडा. कळवलं. मॅच पुढे ढकलली.
सासूबाई म्हणाल्या, अगं बाई, ती पाण्याच्या टँकरची रांग. मग हळू बोलावं ना माणसांनी!
हे जेवले नाहीत. म्हणाले, म्हातारा व्हायच्या आत एकदा तरी बॉल हाताला लागू दे. जीव मोठा की बॉल?

शनिवार, १५
धूर. कळवलं. ढकलली.
माळीबुवा पालापाचोळा जाळत होते. सासूबाई म्हणतात, दंगल तुझ्या डोळ्यांत आहे. पुढच्या वेळी नीट बघणार. दोनदा.

गुरुवार, २०
धाडकन आवाज. गोळीच! दोनदा बघायला वेळ कुठे? कळवलं. संध्याकाळचा सराव रद्द. (न्हाव्याचं शटर.) सेक्रेटरी म्हणाले, ताई, तुमच्यामुळे पोरं वाचली. सासूबाईंना मुद्दाम मोठ्याने सांगितलं.

शुक्रवार, २१
आमचा रस्ता फारच डेंजर, म्हणून मॅच दुसऱ्या शहरात हलवली. बसने सहा तास. तिथे सगळं शांत आहे म्हणे. तिथल्या एका बाईने खिडकीतून बघून कळवलंय.

शनिवार, २२, दुपारी
पहाटे बस गेली, सेक्रेटरीही बरोबर. हे नवरदेवासारखे खूश. मलाच सांगून गेले, दार उघडू नकोस, आपल्या भागाचं काही खरं नाही.
आत्ता टीव्हीवर तिथलाच चौक. टायर जळतायत. मॅच रद्द.
सेक्रेटरींना फोन लावला, सगळं कबूल केलं. टँकर, पाचोळा, शटर. म्हटलं, इथे कुत्रंसुद्धा भांडलं नाही हो, ह्यांना आत्ताच्या आत्ता घरी पाठवा.
म्हणाले, ताई, घाबरून काहीबाही बोलू नका. सगळं शांत होईपर्यंत पोरं इथेच राहतील. तुमच्या रस्त्यावर पाठवायला मला काय वेड लागलंय?