मागच्या सीटवरून

शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५
खाडीकाठ, तालुका तळा

चिरंजीव प्रणय यास,
काकाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व बरं आहे, असं लिहायची हाताला सवय आहे म्हणून लिहितो. आंब्याला मोहोर चांगला धरलाय. वालाच्या शेंगा भरल्या आणि सुकूनही गेल्या, यंदा मडक्यात शेंगा भाजायची पोपटी लावली नाही. मडकं परसात तसंच पालथं आहे. दरवर्षी तू आणि माझा विपुल त्या मडक्यावरून भांडायचात, भांबुर्ड्याचा पाला कमी घातलास की जास्त, ते आठवलं.

सूनबाई भाविका सांगत होती, तू गॅरेज विकलंस, आणि वीस तारखेला मस्कतला निघालायस. तिच्या फोनवर तुझा निरोप आला तो तिने मला वाचून दाखवला. 'काकांना एवढंच विचार, गाडी वळणावर कशी वागत होती? पुढचा शॉकअप कडक वाटला का?' अकरा महिन्यांत तू आमचा उंबरा चढला नाहीस, आणि विचारलंस ते हे.

फोनवर मला बोलता येत नाही. बत्तीस वर्षं टपाल वाटलेला माणूस मी, मला कागदच बरा. तेव्हा सविस्तर लिहितो. मोटरसायकलचं मला काय कळतं असं म्हणू नकोस. मागच्या सीटवर मी आठ महिने बसलोय, आणि मागे बसणाऱ्याला गाडी जास्त कळते. पुढच्याला रस्ता दिसतो, मागच्याला गाडी.

आधी आरामाचं.

माणगावला दोन गाड्या तू शेजारी शेजारी उभ्या केल्या होत्यास, आठवतं? एक उंच, काचेची, सोफ्यासारख्या सीटची. दुसरी ही. हिच्या अंगावर काहीच नाही, इंजिन उघडं, नळ्या उघड्या. मी म्हटलं, "हिचे कपडे कुठायत?" विपुल हसून म्हणाला, "बाबा, हिला नेकेडच म्हणतात." "मग निदान पंचा तरी गुंडाळ," मी म्हणालो, तर तू हातातला पाना टाकून हसत खाली बसलास.

तू मला दोन्हींवर बसवलंस. "काका, मागं तुम्हीच बसणार हाय, तुम्हीच सांगा." उंच गाडीवर आराम होता, खोटं का बोलू. पण पुढे नुसती विपुलची पाठ. हिची मागची सीट लहान, कडक, नि गुडघे थोडे दुमडावे लागत. पण खांद्यावरून सगळं दिसायचं. मी म्हटलं, "हीच घे." तू तर मागाहून म्हणालास, "काका, हिची ताकद लय हाय, घरच्या कामाला पहिली बरी." म्हणजे तू मला सावध केलं होतंस. गाडी तू निवडली नाहीस, प्रणय. मी निवडली. तुझ्या ध्यानात उलटं राहिलंय, ते आधी नीट करून घे.

तासाभराने बूड अवघडायचं. दुपारच्या उन्हात इंजिनाची धग उजव्या पोटरीला लागायची. काच नसल्याने वारा थेट छातीवर यायचा, पण तो मला आवडायचा. शाळेत गुरुजी कविता म्हणायला उभं करायचे तेव्हा असंच व्हायचं, समोरून सगळी खिडकी अंगावर यायची आणि आवाज आपोआप मोठा व्हायचा. मी मागे बसून सातवीपर्यंतच्या साऱ्या कविता मोठ्याने म्हणायचो. विपुल हेल्मेटमधून ओरडायचा, "बाबा, हे कडवं काल झालं!" त्याला पाठ झाल्या होत्या. कंपनीतला सुपरवायझर, आणि चाळिशीत बापाकडून बालभारती शिकला.

आता चालीचं.

तू शॉकअप बदलून दिलास तो रविवार मला लख्ख आठवतो. स्क्रू फिरवून झाल्यावर त्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिलास. "काका, हा ठिपका हलला तर समजा कुणीतरी हात लावलाय." त्याआधी खड्ड्यात गाडी नाक घासायची, ब्रेक मारला की मी विपुलच्या पाठीवर आपटायचो. त्यानंतर नाही. इंदापूर ते तळा, सगळ्या उखडलेल्या रस्त्यावरून, माझ्या हातात पाण्याचा पेला असता तर सांडला नसता. कडक नव्हता. मऊही नव्हता. बरोब्बर होता. परवा पडवीतल्या गाडीवरची ताडपत्री मी वर केली आणि ठिपका पाहिला. जागेवर आहे.

हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. इथे सही करून पत्र संपवता आलं असतं. काल तसं केलंही होतं. तो कागद फाडला.

वळणावर गाडी फार छान वागायची. जड गाडी, पण वळताना हलकी व्हायची. पहिल्या दिवशी मी घाबरलो होतो. सायकलवाला माणूस मी, पाठीवर टपालाची पिशवी घेऊन उभी सायकल सांभाळायची सवय. गाडी आडवी झाली की माझं अंग आपसूक उलट्या बाजूला जायचं. विपुलने खाडीवर गाडी थांबवली आणि समजावलं. "बाबा, वळण आलं की माझ्या खांद्यावरून बघायचं. उजवं वळण, उजवा खांदा. तुम्ही सरळ झालात की गाडी सरळ होते, वळतच नाही. मग मी काही करू शकत नाही." मी म्हटलं, "एवढ्या ताकदीच्या गाडीचं म्हाताऱ्याच्या वजनाने काय होतंय?" तो म्हणाला, "वळताना हलकी होते म्हणून तर होतं. तुम्ही शाळेत कवितेच्या मधे थांबायचात ना, सगळी मुलं एकदम? तसं. एकाने थांबायचं आणि एकाने म्हणायचं, असं चालत नाही."

मी शिकलो. आठ महिने चुकलो नाही.

त्या दिवशी आम्ही माणगावहून येत होतो. माझा नवा चष्मा आणायला गेलो होतो. चष्म्यावाल्याने डोळ्यावर चढवला आणि मला रस्त्यापलीकडची पाटी वाचता आली. विपुलला किती आनंद झाला. म्हणाला, "आता घरी जाईपर्यंत जे दिसेल ते सांगत जा." आणि मी सांगत होतो रे. पळसाला फुलं आहेत. त्या बाईच्या डोक्यावर हंडा नाही, टोपली आहे. संध्याकाळचे पाच असतील.

तळ्याच्या अलीकडे ते उजवं वळण येतं. डाव्या हाताला, शेताच्या पलीकडे, माझी जुनी शाळा. तुला ठाऊक नसेल, बंद पडून आता वीस वर्षं झाली. दहा वर्षं मला तिथे फक्त एक करडा डाग दिसायचा. त्या दिवशी कौलं दिसली. व्हरांडा दिसला. आणि प्रणय, घंटा दिसली. तो रुळाचा तुकडा, तारेने टांगलेला, अजून तिथे होता.

गाडी उजवीकडे झुकली होती. मी डावीकडे वळलो. अख्खा वळलो, हात लांब केला आणि ओरडलो, "विपुल, ती बघ घंटा!"

मला कळलं. त्याच क्षणी कळलं. गाडी माझ्याखाली सरळ झाली. तो मला काहीतरी म्हणाला, ते वाऱ्यात गेलं. मग खडी लागली, मग ओढ्यावरच्या मोरीचा कठडा.

पंचनाम्यात लिहिलंय, खडीवरून गाडी घसरली. खडी होतीच, खोटं नाही ते. पण खडी रस्त्याच्या कडेला होती, आणि आम्ही कडेला का गेलो हे मला कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. माझा नुसता खांदा निखळला होता, आणि लोक म्हणत होते, बिचारा बाप.

विपुलची छाती आपटली होती. तो कठड्याला टेकून बसला होता, हेल्मेट डोक्यावर तसंच. मला म्हणाला, "बाबा, लागलं?" मी नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाला, "चष्मा फुटला?"

नाही फुटला. तोच लावून हे लिहितोय.

विपुलच्या दहाव्याला तू अंगणात उभा होतास. आत यायला तयार नव्हतास. "काका, शॉकअप मी जास्त कडक केला व्हता. माझ्यामुळं झालं." ढसाढसा रडत होतास. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला आणि गप्प राहिलो. तू त्या हाताला माफी समजलास. ती माफी नव्हती, बाळा. लपायला आडोसा शोधत होतो मी, आणि तुझी पाठ सापडली.

बत्तीस वर्षांत एकही पत्र मी घरी ठेवून घेतलं नाही. पावसात, तापात, खाडीला उधाण असताना होडीतून नेऊन दिलं. ज्याचं त्याला. हे एकच तुझ्या नावाचं होतं, आणि अकरा महिने मी ते माझ्याजवळ ठेवलं.

मस्कतला जायचं तर जा. तिथे पगार चांगला मिळतो म्हणून जा, भावंडांसाठी जा. पण पान्याला हात लावायची भीती वाटते म्हणून जाऊ नकोस. तुझ्या हातात खोट नव्हती. आणि जमलं तर वीस तारखेच्या आधी एकदा ये, ताडपत्री तुझ्या हाताने काढ, तो ठिपका स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल. मी परसात बसेन.

इथवर सकाळी लिहिलं. मग वाटलं, हे तुझ्याआधी जिचं आहे तिला न सांगता टपालपेटीत टाकलं तर तीही चोरीच. भाविका चुलीपाशी होती. तिला कागद दिले. तिने उभ्यानेच वाचले. भात उतू गेला, तिने पाहिला नाही. शेवटचं पान संपल्यावर तिने सगळे कागद पुन्हा क्रमाने नीट लावले. मी म्हटलं, "सूनबाई, काहीतरी बोल." तिने माझ्या चष्म्याकडे पाहिलं. मग भांडं उतरवलं, हात पुसले, आणि म्हणाली, "पाकीट द्या. पत्ता मी लिहिते."

जेवायला तिने नेहमीसारखं माझं पान वाढलं, आणि विपुलचा पाट जिथे असायचा तिथे, माझ्या समोर, आज पहिल्यांदा ती स्वतः बसली.

पाकिटावरचं अक्षर तिचं आहे, हे कळावं.

विपुलच्या मागे बसलेला,
दत्तात्रेयकाका