तीन गनचा टीव्ही

वडनेर,
ता. ९ डिसेंबर १९९८

चि. कैलासले दादाचे आशीर्वाद. पोरं शाळेत जात असतील.

इकडं थंडी पडली. कापूस वेचणं चालू आहे, म्हणून दुपारी दुकानात चिटपाखरू नसते. तुही वहिनी आठ दिवसांपासून पोरीकडं बल्लारशाले गेली. मी एकटा खिचडी टाकून खाऊन राह्यलो.

परवा ओमप्रकाश शेठनं परदेशातून आलेला जुना कलर टीव्ही दुरुस्तीले आणून टाकला. आपल्या नेहमीच्या ट्यूबमध्ये पडद्यावर लाल, हिरवा, निळा रंग उमटवणाऱ्या तिन्ही गन मागच्या मानेत एका रांगेत असतात. याच्यात त्रिकोणात आहेत, पहिल्यापहिल्या कलर ट्यूबमध्ये असत तशा. तूच मले वाचून दाखवलं होतं, की त्या त्रिकोणाचे तिन्ही रंग एकावर एक जुळवता जुळवता कारागिरांच्या नाकी नऊ यायचे, म्हणून पुढं गन रांगेत बसवल्या. हे काम दोघांचं. एकानं मागून स्क्रू फिरवाचा, दुसऱ्यानं समोर बसून सांगाचं, लाल रेघ वर आहे, निळी खाली घे. मी समोर आरसा ठेवला. आरशात उजवं ते डावं. दिवस गेला, तरी बातम्यावालीच्या नाकाशेजारी एक हिरवं नाक होतंच. मले हसू आलं, पण सांगू कोणाले?

कैलास, आता लपवत नाई. प्रमिलाबाईच्या दुरुस्तीले आलेल्या टीव्हीची ट्यूब तू नाई फोडली. आदल्या संध्याकाळी बोर्ड बसवताना माह्याच हाताचा धक्का ट्यूबच्या मानेले लागला. बारीक आवाज झाला. आतला चांदीसारखा डाग माह्या डोळ्यांदेखत पांढरा पडला. हवा शिरली, ट्यूब मेली. मी तसंच झाकण लावलं. सकाळी तू बटण दाबलं, पडदा काळा, अन् बाईसमोर मी तुलेच म्हटलं, "एवढ्या वर्षांत काय शिकला तू?" तू एक शब्द बोलला नाई. त्याच दिवशी बॅग भरली अन् गाव सोडलं. चार वर्षं झाली. दुकान माह्या नावाचं, लोक काय म्हणतील, या भेवानं मी गप राह्यलो. लाज वाटते लेका.

काल प्रमिलाबाईकडं जाऊन खरं सांगितलं. बाई रागावली नाई. म्हणाली, "मले काऊन सांगता भाऊ, ज्याले सांगाचं त्याले सांगा."

ये म्हणाचा हक्क मी गमावला, तरी येजो. अन् एक गोष्ट मले सोडत नाई. नुसतं बटण दाबून ट्यूबची मान तडकत नसते, हे तुले माह्यापेक्षा जास्त कळते. म्हणजे तुले तेव्हाच सारं समजलं होतं. तरी बाईसमोर तू माही इज्जत राखली.

लहान भावाच्या आड लपलेला,
तुहा दादा
प्रभाकर