साच्यातली सरळ अक्षरं

चि. केरू यास, सातपूरहून दाजींचे आशीर्वाद.

तू, आशा आणि देवळाली कॅम्पातलं तुझं कपड्यांचं दुकान, तिघंही सुखरूप असाल असं धरून चालतो. (दुकान बरं असलं की तू बरा असतोस, हे मला ठाऊक आहे.) माझी मात्र विचारू नकोस. रागानं रक्तदाब चढलाय. डॉक्टर म्हणतो मीठ बंद करा. मी म्हटलं, मीठ कशाला, त्या शेखरचा कारखाना बंद करा! फोनवरच सांगितलं असतं, पण तुझी अक्का कान लावून बसते, म्हणून हा कागद.

निकिताच्या लग्नात पाहुण्यांना प्लास्टिकचे डबे द्यायचे, हे तुला माहीत आहे. का, ते माहीत नाही. आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर नाव आहे. हंड्यावर माझ्या वडिलांचं, ताटांवर माझं, आणि अक्कानं माहेरून आणलेल्या पातेल्यावर तुझ्या वडिलांचं. जन्मभर घासली तिनं, पण तिचं नाव एकावरही नाही. नातीचं लग्न ठरलं तेव्हा एवढंच म्हणाली, "एखाद्या डब्यावर माझं बी टाका की." मी म्हटलं, एखाद्या कशाला, सगळ्यांवर टाकतो!

आमच्या गल्लीतला शेखर साच्यात प्लास्टिक ओतून डबे काढतो. (ओतून नाही, मशीन दाबून भरतं. हेही त्यानं मला दोनदा सुनावलं.) डब्याचा साचा तयार होता, झाकणाच्या बाजूला नावाची लोखंडी पट्टी तेवढी नवी बसवायची. वर 'सप्रेम भेट', खाली 'कुसाबाई धोंडीराम', असा मजकूर मी स्वतः दिला. पट्टी बघायला गेलो, तर सगळी अक्षरं उलटी! माझं डोकंच फिरलं. शेखर म्हणतो, "बाबा, साच्यात उलटंच कोरतात, डब्यावर सरळ उमटतं. ग्रामपंचायतीचा शिक्का बघा ना." मी म्हटलं, "शिक्क्याला शाई असते. इथं शाई कुठंय? चौथी पास आहे मी, मला शिकवतोस?" आणि मशीनसमोर स्टूल टाकून बसलो. शेवटी त्यानं हात जोडले, नवी पट्टी सरळ कोरून दाखवली, तेव्हा उठलो आणि मोठ्या तोऱ्यात घरी आलो.

आता तूच सांग, चूक कुणाची? माझं आजवर कुणी ऐकलंय? मुलगा ऐकत नाही, सून ऐकत नाही, द्वारका चौकात थांब म्हटलं तर रिक्षावाला पुढं नेऊन उतरवतो. साऱ्या नाशकात एकानं ऐकलं, आणि तेही नेमकं इथं! कामाच्या माणसानं ठाम राहायला नको? दंडाला धरून मला बाहेर काढायला काय झालं होतं त्याला? पोती भरून डबे आलेत, आणि एकूण एक झाकणावर अक्षरं तोंड फिरवून बसलीत. जाब विचारला तर म्हणतो, "बाबा, तुम्ही पास केलं तेच काढलं." निर्लज्ज! लग्नाला त्याला बोलावणार नाही. (पत्रिका आधीच गेली आहे, तो भाग वेगळा.)

आशाला आशीर्वाद सांग. पत्र वाचून फाडून टाक.

तुझा दाजी,
धोंडीराम

ता. क. तुझ्या दुकानातला तो उभा आरसा, गिऱ्हाईक कपडे घालून बघतं तो, लग्नाला टेम्पोत घालून आण. डबे त्याच्यासमोर रचू. ज्याला वाचायचंय तो आरशात वाचेल.

पुन्हा ता. क. अक्काला यातलं काही कळलेलं नाही. तिला अक्षरओळख नाही, सरळ काय नि उलटं काय. डबे आले त्या दिवशी तिनं विचारलं, "माझं कुठंय हो?" मी खालच्या ओळीच्या सुरुवातीला बोट ठेवलं. तेव्हापासून ती येता-जाता त्यावरून बोट फिरवते आणि गालात हसते. आज दाढीचा आरसा धरून पाहिलं, तर तिथं 'धोंडीराम' निघालं, 'कुसाबाई' दुसऱ्या टोकाला. मला काही तिला सांगवत नाही. तू तिचा भाऊ, तू सांग. रागावली तर तुझ्यावर रागावेल. लवकर ये. आरसा नसला तरी चालेल.