दुनळी ठेवावी की विकावी

पंतनगर, घाटकोपर (पूर्व)
मंगळवार, ता. १७ फेब्रुवारी

ती. राजारामभाऊ यांच्या चरणी सहदेवचा नमस्कार. इकडे सर्व मंडळी ठीक आहेत, म्हणजे मी सोडून. तुमची खुशाली कळवावी, पण नुसतं ‘मजेत आहे’ एवढं कळवू नये, सविस्तर कळवावं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बारीक वस्तू दिसतात का? सुईत दोरा ओवता येतो का? चहाचा कप उचलताना तुमचा उजवा हात थरथरायचा, तो थांबला का? आता या वयात हात थरथरला काय नि न थरथरला काय, असं तुम्ही म्हणाल. पण बहिणीच्या नवऱ्याला काळजी वाटणारच. (दुसरं काही कारण नाही.)

घाटकोपरहून दिंडोशीला पत्र कशाला, फोन का नाही, असंही तुमच्या मनात येईल. तर आमच्या दोन खोल्यांत फोन केला की तुमची बहीण शेवंती भाजी चिरायची थांबते. दुसरं म्हणजे आमच्या भजनी मंडळातले अनंतराव सांगत होते की फोनवर ‘बंदूक’ हा शब्द काढला की सरकारात कुठेतरी दिवा लागतो. खरं-खोटं देव जाणे. पण मी सातवी नापास माणूस, दिवा लागल्यावर काय उत्तर द्यायचं ते मला सुचणार नाही. स्वतः आलो असतो, पण तुमच्या दिंडोशीत कोर्ट आहे. या विषयावर बोलायला कोर्टाच्या शेजारी येणं मला बरं वाटत नाही.

विषय माझ्या दोन बंदुकांचा. (सुशांत त्यांना ‘पप्पांचं कलेक्शन’ म्हणतो आणि सूनबाई हसते.) एकनळी वडिलांची, गावी डुकरावानरांपासून शेत राखायची. वडील गेल्यावर लायसन्ससकट माझ्या नावावर झाली. गिरणी बंद पडल्यावर मला कोणी दारात उभं करीना, तेव्हा मरोळच्या पतपेढीला स्वतःची बंदूक असलेला रखवालदार हवा होता. म्हणजे नोकरी खरी बंदुकीला लागली, मी तिच्यासोबत गेलो. पुढे मॅनेजर म्हणाले, “सहदेव, या बंदुकीला माकडं भितील, माणसं नाही भिणार.” म्हणून मुलुंडच्या एका रिटायर फॉरेस्ट साहेबांकडून दुनळी घेतली. साहेबांनी मला मुरबाडच्या शेतावर नेऊन माझ्यादेखत दोन बार काढून दाखवले. मी कानांत बोटं घालून उभा होतो. त्यानंतर चोवीस वर्षं ती दुनळी घेऊन मी पतपेढीच्या दारात उभा राहिलो आणि एकदाही चाप ओढला नाही. (हे वाक्य पुढे थोडं बदलावं लागणार आहे.)

आता मार्चअखेर लायसन्स संपतं. नवं करायचं तर डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरचा दाखला लागतो. गेलो. डॉक्टरने विचारलं, “काका, झोप लागते?” मी खरं ते सांगितलं, की बंदुका पोलिसांकडे असल्या की लागते. डॉक्टरने पेन खाली ठेवलं. मग मला समजावून सांगावं लागलं. निवडणूक लागली की आपल्यासारख्यांनी बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या आणि निकालानंतर पावती दाखवून परत आणायच्या, हा नियमच आहे. तर भाऊ, ते दिवस माझे सुखाचे! लोकसभेला मी दोन किलो वाढलो. विधानसभेला तर दुपारचीही झोप लागायची. महापालिकेची निवडणूक वर्षानुवर्षं लांबत होती तेव्हा कुठल्या उमेदवाराने केली नसेल एवढी तिची काळजी मी केली. ती एकदाची झाली आणि बंदुका परत आल्या. तेव्हापासून मी पलंगावर आणि त्या पलंगाखाली, असे आम्ही तिघेही जागे आहोत. कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकतो. (शेवंती म्हणते, तुम्ही लग्नाच्या मांडवातही दचकत होता, त्यात बंदुकीचा काय दोष?)

तेव्हा विकावं असं एक मन म्हणतं. दुसरं मन म्हणतं, वडिलांची आठवण एक आणि चोवीस वर्षांची भाकर एक, यांतली विकायची कुठली? सुशांतला विचारलं तर म्हणतो, “पप्पा, तुम्हाला वाटेल ते करा, फक्त माझ्या नावावर करू नका.” शेवंतीला विचारलं तर म्हणाली, “ठेवल्या काय नि विकल्या काय, मला सारखंच. दसऱ्याला पूजेला विळी आहेच.” बंदुकीबद्दल बायकोला एवढी बेफिकिरी कशी, याचं मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं.

शेवटी ठरवलं, नुसती चौकशी तर करू. पोलीस ठाण्यात अर्ज दिला, कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स घेतल्या आणि गेल्या शनिवारी एकटी दुनळी घेऊन शहरातल्या बंदुकीच्या दुकानात गेलो. दोन्ही न्यायची छाती झाली नाही. लोकांच्या नजरेत नको म्हणून मंडळाच्या तंबोऱ्याची गवसणी मागून आणली आणि भोपळ्याच्या जागी उशी कोंबली. टॅक्सीवाला निघाला गाण्याचा शौकीन. शीवपर्यंत गप्प होता, मग म्हणतो, “चाचा, गाते हो?” आता नाही म्हणावं तर मग गवसणीत काय आहे? हो म्हणालो. “तो कुछ सुनाओ ना.” भाऊ, भायखळ्यापर्यंत मी गायलो. उतरताना त्याने सुट्टे पैसे देण्याआधी मला हात जोडले. (गाणं संपल्याबद्दल की काय, ते कळलं नाही.)

दुकानाचे मालक हर्षदभाई, तिसरी पिढी. त्यांनी दुनळी हातात घेतली, प्रेमाने नळीवरून रुमाल फिरवला, बिजागरीपाशी उघडून आत पाहिलं, खोटी काडतुसं घालून दोन्ही घोडे चढवले आणि चाप ओढले. खट्. खट्. मग परत पाहिलं. मग चष्मा बदलून पाहिलं. मला विचारलं, “काका, ही शेवटची कधी चालवली?” म्हटलं, “कधीच नाही.” तर म्हणाले, “बरं केलंत. चाललीच नसती.” घोडा पडला की पुढे एक बोटाच्या पेरापेक्षाही लहान पोलादी पिन काडतुसाच्या टोपीवर आपटते, तेव्हा बार उडतो. माझ्या दुनळीत दोन्ही पिना नाहीत! नुसत्या नाहीत असं नाही, कुणीतरी काढून त्या जागी पितळेची बुचं बसवली आहेत, ती घासून काळी केली आहेत, आणि इतकी बेमालूम की दर वेळी तपासायला घेणाऱ्या पोलिसांनाही दिसली नाहीत. हर्षदभाईंनी दुकानातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीला हाक मारून दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “लेथवरचं काम आहे. ज्याने केलं त्याचा हात सोन्याचा.” पिना बसवून आणा, मग विकायचं बोलू, असं सांगून त्यांनी मला चहा पाजला. परत येताना मी दुसरी टॅक्सी केली आणि झोपेचं सोंग घेतलं.

तेव्हापासून डोक्यात एकच किडा आहे. कुणी काढल्या? फॉरेस्ट साहेब नव्हेत, कारण मुरबाडचे बार मी याच कानांनी ऐकले आहेत (बोटं होती तरी). पोलीस म्हणावेत तर त्यांना दोनशे बंदुकांत माझीच का दिसावी? मॅनेजर म्हणावेत तर त्यांना स्टेपलरमधली पिनही शिपायाकडून बदलून घ्यावी लागे. तुम्ही मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तीस वर्षं लेथवर काढलीत, म्हणून तुम्हाला विचारतो. असं काम करणारा माणूस तुमच्या पाहण्यात कोणी आहे का? नाव नाही कळवलंत तरी चालेल, नुसतं ‘आहे’ एवढं कळवा.

सुरुवातीला मला फार राग आला होता, तो लपवत नाही. चोवीस वर्षं खाकी डगला घालून, मिशीला पीळ देऊन मी त्या दारात उभा होतो. लोक म्हणत, सहदेव आहे म्हणून पतपेढी आहे. आणि माझ्या हातात काय, तर लोखंडाची काठी! शेतातल्या बुजगावण्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की त्याला पगार नव्हता. पण शनिवारच्या त्या दोन ‘खट्’ आवाजांनी मला एक जुनी गोष्ट आठवली. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, शेवंतीलाही नाही. तुम्हाला सांगतो, ती तुमच्यापाशीच ठेवा.

एकदा ऐन पावसाळ्यात, दुपारी दोनला पतपेढीचं शटर अर्धं ओढलेलं असताना एक माणूस वाकून आत घुसला. डोक्यावर हेल्मेट, अंगात काळा रेनकोट, हात खिशात. मी ‘थांब’ म्हणालो की नुसतं मनात म्हणालो, आठवत नाही. त्याने खिशातून हात काढला आणि माझ्याकडून चाप ओढला गेला. खट्. एवढंच. त्याच्या हातात कुरिअरचं पाकीट होतं. सही घ्यायची होती. पावसाच्या आवाजात त्याला काही कळलंच नाही, हेल्मेट काढून म्हणाला, “मामा, पेन आहे का?” मी पेन दिलं. घरी आल्यावर काडतूस काढून पाहिलं, तर टोपीवर साधा ओरखडाही नव्हता. दमट झालं असेल म्हणावं, तर दमट काडतुसालाही खळगा पडायला हवा ना? इतकी वर्षं मी हे कोडं घेऊन जगलो. तो नितेश. त्यानंतरही पतपेढीत तोच कुरिअर आणायचा. वर्षाने त्याला मुलगी झाली, सई नाव ठेवलं, आणि पहिला पेढा त्याने मला आणून दिला, कारण मामा दारातच भेटतात. तो पेढा मी तासभर हातात धरून उभा होतो.

तेव्हा भाऊ, ज्याने पिना काढल्या त्याच्यावर मी रागावू की त्याच्या पाया पडू, हे मला ठरवता येत नाही. बंदुका मात्र आता विकायच्याच, हे नक्की. दोन्ही. हा माझा शेवटचा शब्द. मुलांना आशीर्वाद, वहिनींना नमस्कार सांगावा. पत्र वाचून फाडावं.

तुमचा,
सहदेव

ता. क. शेवटचा शब्द जरा लवकर लिहिला गेला. एकनळी वडिलांची आहे, ती विकवणार नाही. आणि दुनळी आता विकायची म्हणजे तिच्यात परत पिना बसवायच्या. एवढी वर्षं गरीब गायीसारखी राहिलेली वस्तू मुद्दाम मारकी करून दुसऱ्याच्या घरी पाठवायची, हे मनाला पटत नाही. म्हणून दोन्ही ठेवतो. लायसन्सचा फॉर्म भरला आहे. डॉक्टरने दाखला दिला, फक्त तो देताना माझ्याकडे पाहिलं नाही.

ता. क. २. एक सांगायचं राहिलं. काल देव पुसायला घेतले तेव्हा तुमच्या बहिणीच्या देव्हाऱ्यातली तांब्याची डबी उघडली. दर दसऱ्याला ती बंदुकीच्या शेजारी ही डबीही पुजते, आणि विचारलं की “अंगारा आहे, हात लावू नका” म्हणते. आत हळदकुंकू लावलेल्या दोन पिना आहेत. मग मला एक दसरा आठवला. तुम्ही “दुनळीला तेलपाणी करून देतो” म्हणून गॅलरीत बसला होतात, आणि शेवंतीने मला श्रीखंड आणायला पिटाळलं होतं. हे नको, ते नको, त्याच दुकानातलं आणा, अशी तीन दुकानं फिरून आलो, तर श्रीखंडाचा डबा घरात आधीच होता. मी तिला काही बोललेलो नाही. डबी होती तशी ठेवली. तुमचा हात खरंच सोन्याचा, हे मिस्त्रीच्या तोंडून ऐकताना मला उगाचच अभिमान का वाटला होता, ते आता कळलं.

ता. क. ३. तर मुद्द्याचं. दुनळीची भीती गेली, पण एकनळी जिवंत आहे, आणि आता ती एकटीच जागी आहे असं वाटून मला अजिबात झोप नाही. पुढची निवडणूक लांब आहे. येत्या रविवारी हत्यारांची पिशवी घेऊन या आणि तिचीही पिन काढून बूच बसवून द्या. डोळ्यांची आणि हाताची चौकशी त्यासाठीच केली होती. शेवंतीला यातलं काही कळू देऊ नका.

ता. क. ४. दादाला शेवंतीचा नमस्कार. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडेच डिंक मागितला, तेव्हा वाचलं. एकनळीची पिन तू मागेच काढलीस हे यांना सांगू नको. त्या पावसाळ्यात हे आठ दिवस धड जेवले नव्हते. काय झालं ते मला आज कळलं, पण काहीतरी झालं हे तेव्हाच कळलं होतं, म्हणून त्या दिवाळीत तुझ्याकडून दुसरीचंही करून घेतलं. तिसरी पिन तांदळाच्या डब्यात आहे. आलास की गुपचूप तुझ्या हातात देईन, ती तू यांना काढून दाखव. डोळ्यांचं मनावर घेऊ नको, बघायचं असं काही नाहीच. गॅलरीत बसून तासभर ठोकठाक कर. यांना मी श्रीखंड आणायला पाठवते.