बॉनेटवरचा ओपल

अण्णा, तो ओपलचा खडा तुम्ही फोडलात, मी नाही. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली, आता सांगून उपयोग शून्य. पण मला सांगायचंय आणि आज तुम्हाला ऐकावंच लागेल.

नेवाडाच्या वाळवंटात आलोय आम्ही, नवरा, लेक आणि मी, सुट्टीला. आम्ही राहतो त्या ट्रॉयहून विमानाने, पुढे इंटरनेटवरून छापलेला नकाशा मांडीवर घेऊन पाच तास ड्राइव्ह. गाव कसलं, दहा-बारा ट्रेलर, एक मोटेल, एक पेट्रोल पंप आणि ओपलच्या खाणी. "यार, यासाठी सुट्टी घेतली आपण?" नवरा म्हणाला. त्याला काय सांगणार? ज्याच्यापायी माझा डावा कान गेला तो दगड मला एकदा नीट बघायचा होता.

नऊ वर्षांची होते मी. गिऱ्हाइकाचा ओपल घासायला घेतलात तुम्ही, शेगडीवर लाख तापवून काडीच्या टोकाला चिकटवलात आणि चहा प्यायला आत गेलात. मी नुसती बघायला काडी उचलली. तुम्ही परत आलात, तर खड्यात बारीक तडा. "हात लावलास? लावलास हात?" म्हणत पितळी फुंकणीने जे सुरू केलंत ते आई मध्ये पडेपर्यंत. तिलाही दोन बसल्या. माझ्या कानातलं रक्त फ्रॉकवर गळत होतं आणि तुम्ही ओरडत होतात, "कार्टीने घात केला!" पुढे कुणीही विचारलं तरी तुम्ही हेच सांगितलंत. मीही तेच सांगत आले.

काल दुपारी नवरा पंपावर कॉफी आणायला गेला, तेवढ्यात खाणीवरच्या म्हाताऱ्या बाईकडून मी एक ओपल घेतला. ती हे खडे पाण्याच्या बाटलीत ठेवून विकते. मी अगदी तुमच्यासारखं केलं. बाहेर काढला, टी-शर्टला पुसला, उन्हात रंग बघायला गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि मागच्या सीटवरचा कॅमेरा काढायला वळले. वळून बघते तर ओपल लेकीच्या हातात, आणि त्याला तडा. हात कधी उठला कळलंच नाही, असं लिहिणार होते. खोटं आहे ते. चांगलं कळलं. पोरगी तोंडावर बॉनेटवर आपटली, ओठ फाटला, दात लालभडक. मी पुन्हा हात उगारला तो म्हातारीने हवेतच धरला, मनगट पिरगळून. "तापलेल्या पत्र्यावर कुणी ठेवला हा?" ती इंग्रजीत खेकसली. "गरम लागलं की तडकतोच. माझ्या नवऱ्याने काडीला गरम मेणाने चिकटवताना ढिगाने घालवले." गरम मेण. अण्णा, तुमची लाख!

"मॉम, यू पुट इट देअर," लेक रक्त गिळत म्हणाली.

इतकी वर्षं मी समजत होते, तुम्हाला माहीत नव्हतं. तापट माणूस, गैरसमज झाला, अशी आईचीसुद्धा समजूत काढायचे मी. पण काल तडा दिसला त्याच क्षणी मला ठाऊक होतं, ओपल तिथे कुणी ठेवला ते. ठाऊक होतं म्हणूनच तर मारलं. म्हणजे तुम्हालाही ठाऊक होतं. फुंकणी उचलतानाच ठाऊक होतं. नीच माणूस होतात तुम्ही, अण्णा.

दोघं आता खाली नाश्ता करतायत. ती दोघं वर येण्याआधी मोटेलचा हा कागद मी फाडून टाकीन. नवऱ्याला मी सांगितलंय, पाय घसरून पडली. त्याने तिला विचारलं, तर तिनेही मान हलवली.