जाड तार घालणार नाही

४ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. या कपड्यांच्या कारखान्यात वायरमन म्हणून लागले त्याला दोन महिने झाले. शिवणखात्यातल्या बायका अजूनही वायरमनला बोलावतात आणि मी आले की माझ्या मागून कोण येतंय ते बघतात.

काळजीची गोष्ट वेगळी आहे. इस्त्रीखात्यातला फ्यूज या आठवड्यात पाच वेळा उडाला. मालकांच्या मते फ्यूजच नाजूक. त्यांनी तांब्याची जाड तार माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, ही घाल, कायमची कटकट मिटेल. मी नाही म्हटलं. आता पुढच्या शनिवारपर्यंतची मुदत आहे. तार घालायची, नाहीतर चाव्या ठेवून घरी जायचं. अशी नोकरी पुन्हा लवकर मिळायची नाही, हे मला कळतं. माझं चुकतंय का, ते स्पष्ट लिहा. आईला सांगू नका, ती जेवायची नाही.

तुमचा राग आणि लोभ, दोन्ही हवेत.

तुमची
ठमी

७ जून

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

भांडायच्या आधी चोर कोण ते बघ. फ्यूज दर वेळी लोडमुळेच उडतो असं नाही. स्क्रू ढिला असला की तिथंच तापतं आणि तार उगाच वितळते. जुनी झालेली तारही तुटते. तसं असेल तर स्क्रू आवळ, तार बदल आणि गप्प बस. पण हे सगळं ठीक असूनही उडत असेल, तर फ्यूज बिघडलेला नाही. भिंतीतली वायर जळू नये म्हणून आधी आपण वितळायचं, एवढंच त्याचं काम, आणि ते तो करतोय.

आता एक कबुली. तू दहावीला होतीस तेव्हा आपल्याकडे सारखा फ्यूज उडायचा. तुझ्या अभ्यासात खंड नको म्हणून मी, वायरमन म्हणवणाऱ्या माणसानं, त्यात जाड तार घातली. परीक्षेपर्यंत दिवा एकदाही गेला नाही आणि तुझी आई माझं कौतुक करत राहिली. पुढे तुझ्या खाटेमागचा गिलावा काळा पडला. खरवडलं तर आतली वायर जळालेली. मी सगळ्यांना ओल आली म्हणून सांगितलं. तू त्याच भिंतीला डोकं टेकून झोपायचीस. मला अजून लाज वाटते.

नोकरी टिकव, असं लिहायला बसलो होतो. ते लिहवत नाही.

तब्येतीला जप, म्हाताऱ्यावर माया असू दे.

तुझे बाबा

१२ जून, शनिवार

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

स्क्रू घट्ट होते, तार नवी होती. चार इस्त्र्यांच्या लाइनवर सात चालत होत्या. मालकांना दाखवलं, तर त्यांनी तीच तार पुन्हा पुढे केली. मी म्हटलं, घालते, पण हा तुमचा हुकूम आहे असं रजिस्टरात लिहून सही करा. त्यांनी पेन उचललं आणि खाली ठेवलं. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. मग तर माझी भीडच चेपली.

इस्त्रीखात्यात जाऊन सातही बायकांना आपल्या भिंतीची गोष्ट सांगितली. तुमचं नाव घेतलं नाही. सगळ्यांत वयानं मोठ्या मावशींनी आपल्या इस्त्रीची पिन काढली. मग आणखी दोघींनी काढली. मालक खूप ओरडले. मावशींनी त्यांना शांतपणे सांगितलं, की काम उशिरा होईल, पण होईल; जळून मरायला आम्ही येत नाही. चार इस्त्र्यांवर पाळीपाळीनं काम चाललं आणि दिवसभर फ्यूज उडाला नाही.

संध्याकाळी मालकांनी चाव्या मागितल्या, मी दिल्या. सोमवारी दुसरा वायरमन येणार आहे. मावशी म्हणाल्या, खुशाल येऊ दे, पाचवी इस्त्री आम्ही लावणार नाही.

पुढच्या आठवड्यात घरी येते. आईला मीच सांगेन. नोकरी गेल्याचं वाईट वाटतंय, फार वाटतंय. लाज मात्र वाटत नाही.

भेटीपर्यंत माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची
ठमी